परदेश प्रवास आणि फुफ्फुसातली बुरशी : हज-उमराह, आखात आणि अमेरिकेला जाणाऱ्या कुटुंबांनी काय लक्षात ठेवावं



जळगाव-धुळ्याकडच्या मुस्लिम घरांतून आज तीन प्रकारचा परदेश प्रवास होतो. पहिला हज आणि उमराहचा. दुसरा रोजगाराचा, म्हणजे सौदी, कुवेत, कतार, दुबई, मस्कत. तिसरा प्रवास गेल्या काही वर्षांत वाढला आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नोकरीला लागते आणि अम्मी-अब्बा दोन-चार महिने नातवंडांकडे राहून येतात. या तिन्ही प्रवासांत तब्येतीची तयारी म्हणून आपण लस घेतो, गोळ्यांचा डबा भरतो, चष्मा जादा घेतो. पण श्वासातून जाणाऱ्या बुरशीचा विचार बहुतेक घरांत होत नाही.

बुरशीचं नाव काढलं की आपल्याला २०२१ आठवतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ म्हणजे म्युकरमायकोसिसने देशभरात ४० हजारांहून जास्त लोकांना गाठलं आणि महाराष्ट्रात त्याचे रुग्ण फार मोठ्या संख्येने होते. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हा आजार नोंदणीयोग्य जाहीर करायला सांगितलं. ॲम्फोटेरिसिन-बी हे इंजेक्शन मिळवण्यासाठी नातेवाईक शहराशहरांतून फिरत होते. त्या वेळी आपण एक धडा शिकलो. बुरशी हवेत आधीपासून होतीच, पण वाढलेली साखर आणि बेहिसाब स्टेरॉइड यांनी तिला शरीराचं दार उघडून दिलं.

प्रवासालाही हाच धडा लागू आहे. बुरशीचा धोका दोन गोष्टींवर ठरतो. एक, आपण कुठल्या जमिनीची धूळ श्वासात घेतली. दोन, आपलं शरीर त्या वेळी कोणत्या हालतीत होतं. या दोन गोष्टी डॉक्टरला सांगितल्या तर निदान लवकर होतं. सांगितल्या नाहीत तर महिनोन्‌महिने चुकीच्या औषधांत जाऊ शकतात. हा लेख त्यासाठीच आहे.

बुरशी फुफ्फुसात जाते कशी?

शिळ्या भाकरीवर, ओल्या भिंतीवर, भिजलेल्या कापसाच्या गाठीत, दमट धान्याच्या पोत्यात जी वाढते ती बुरशी. ती बियांसारखे बारीक कण हवेत सोडते. त्यांना बीजाणू म्हणतात. फुफ्फुसाचा आजार करणाऱ्या अनेक बुरशींचे बीजाणू २ ते ५ मायक्रॉनचे असतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली तर हे कण किती बारीक ते कळेल. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. तोंडावर बांधलेला रुमाल किंवा ओढणीही अडवू शकत नाही.

आपण रोज असे कण श्वासात घेतो आणि अल्हम्दुलिल्लाह, निरोगी शरीर त्यांचा बंदोबस्त करतं. अडचण दोन वेळा येते. एकतर बुरशीच अशी असते की ती धडधाकट माणसालाही आजारी पाडते. अशा बुरशी जगाच्या ठरावीक भागांतच मातीत राहतात. किंवा बुरशी साधी असते, पण शरीर कमजोर असतं.

आणखी एक गोष्ट मनातून काढून टाका. फुफ्फुसातली ही बुरशी सहसा एकापासून दुसऱ्याला लागत नाही. टीबी किंवा फ्लूसारखा हा आजार खोकल्यातून पसरत नाही. घरात कोणाला झाला तर त्याचं ताट वेगळं करायचं कारण नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली. त्यात १९ बुरशी आहेत. बुरशीच्या आजारांकडे फार कमी लक्ष दिलं जातं म्हणूनच ती यादी करावी लागली. यांतल्या एकाही आजारावर आज बाजारात लस मिळत नाही. म्हणून सावधगिरी आणि वेळेवर निदान हेच आपल्या हातात आहे.

कोणी जास्त सांभाळावं?

• ज्यांची साखर ताब्यात नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, वाढलेली असेल ते सगळे यात आले.

• ज्यांना पूर्वी टीबी झाला होता, मग तो पूर्ण बरा झालेला का असेना.

• दमा किंवा जुना श्वासाचा विकार असलेले.

• सांधेदुखी, त्वचा, दमा अशा कोणत्याही कारणाने स्टेरॉइड घेणारे.

• किडनी किंवा इतर अवयव बदललेले, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, एचआयव्ही असलेले.

• संधिवातावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा इंजेक्शनं घेणारे.

• गरोदर बहिणी, खासकरून शेवटच्या तिमाहीत.

स्टेरॉइडबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल, कारण अनेकांना आपण ते घेतो हेच माहीत नसतं. हजला चालावं लागणार म्हणून गुडघ्यात इंजेक्शन घेतलं जातं. खोकला थांबत नाही म्हणून मेडिकलवरून ‘ती छोटी गोळी’ आणली जाते. कुणाच्या तरी सांगण्यावरून दम्याची किंवा सांधेदुखीची बिनानावाची पुडी घेतली जाते. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. पुडीने जादूसारखा आराम पडत असेल तर तेवढ्यावरूनच शंका घ्यावी. मात्र बरेच महिने स्टेरॉइड चालू असेल तर ते एकदम बंद करू नका. त्यानेही जिवाला धोका होतो. डॉक्टरला सांगून हळूहळू कमी करायचं असतं.

दम्याच्या पंपात स्टेरॉइडचं प्रमाण फार कमी असतं. या लेखातलं वाचून कोणी पंप सोडून हजला जाऊ नये. पंप नियमित घ्यावा आणि नंतर चूळ भरावी.

हज आणि उमराह : खरा धोका कुठे आहे?

अनेकांना वाटतं की अरबस्तानच्या वाळूत काही वेगळी बुरशी असते. पुढे ज्या ‘व्हॅली फीव्हर’ची माहिती दिली आहे त्याची बुरशी अमेरिका खंडातल्या मातीत राहते, अरब देशांच्या वाळवंटात नाही. मक्का-मदिनेत हाजींना होणारा खोकला आणि न्यूमोनिया बहुतांशी विषाणू आणि जिवाणूंमुळे असतो. लाखो लोक एका जागी, तंबूत जवळजवळ झोपणं, कडक ऊन आणि मग थंडगार एसी, शिवाय थकवा. त्यात फ्लूसारखे आजार झपाट्याने फिरतात.

मग हाजीसाठी बुरशीचा प्रश्न कुठे येतो? तो हाजीच्या स्वतःच्या शरीरात येतो. हजला जाणाऱ्यांत वयस्कर माणसं जास्त आणि त्यांत साखरेचे रुग्ण खूप. तिथे जेवणाच्या वेळा बदलतात. गोळी चुकते. इन्सुलिन उन्हात खराब होतं. बरकत म्हणून खजूर हातात येत राहते. साखर चढते, त्यावर ताप-खोकला येतो आणि मग कोणी तरी आपल्याजवळची स्टेरॉइडची गोळी देतं. २०२१ मध्ये जे झालं त्याचीच ही छोटी आवृत्ती. म्युकर आणि ॲस्परजिलस या दोन्ही बुरशी जगात सगळीकडे आहेत. त्यांना अशीच संधी लागते.

म्हणून हाजी साहेबांनी आणि त्यांच्या घरच्यांनी ही तयारी करावी :

• निघण्याच्या दोन-तीन महिने आधी एचबीए१सी तपासून साखर ताब्यात आणा. आठवडाभर आधी धावपळ करून सरासरी साखर बदलत नाही.

• इन्सुलिनसाठी थंड राहणारी पिशवी घ्या. बर्फाला थेट चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. साखर मोजायचं मशीन आणि पट्ट्या हातातल्या बॅगेत ठेवा.

• हजसाठी मेंदूज्वराची लस सक्तीची आहे. फ्लूची लसही घ्या. वयस्कर माणसांनी न्यूमोनियाच्या लसीबद्दल डॉक्टरला विचारावं. या लसी बुरशी रोखत नाहीत, पण ज्या आजारांमागून बुरशी येते त्यांना रोखतात.

• पूर्वी टीबी झाला असेल तर छातीचा ताजा एक्स-रे काढून त्याचा मोबाइलवर फोटो ठेवा. पुढे काही झालं तर डाग जुना की नवा हे लगेच कळतं.

• मास्कबद्दल : गर्दीत आणि धुळीत मास्क फायद्याचा आहे. पण एहरामच्या हालतीत चेहरा झाकण्याबाबत मसलकांमध्ये फरक आहे. उज्र असेल तर काय करायचं हे निघण्याआधीच आपल्या आलिमांना विचारून घ्या, म्हणजे तिथे गोंधळ होणार नाही.

हज फर्ज होण्यासाठी इस्तिताअत लागते हे आपण जाणतो. ती फक्त पैशांची नसते, शरीराचीही असते. साखर ताब्यात ठेवणं हा हजच्या तयारीचाच भाग समजावा.

परतल्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवा. अरब देशांतून आल्यावर १४ दिवसांच्या आत ताप आणि श्वासाचा त्रास सुरू झाला तर डॉक्टरला लगेच सांगा की आपण तिकडून आलो आहोत. उंटांशी संबंधित मर्स हा विषाणूचा आजार तिकडे आढळतो. त्याचा विचार आधी करावा लागतो.

आखातात काम करणाऱ्या भावांसाठी

आखातातलं धुळीचं वादळ ज्यांनी पाहिलं आहे त्यांना त्याचं वेगळं वर्णन नको. ही धूळ दमा भडकवते, नाक-घसा सुजवते. पण वाळूच्या धुळीपेक्षा बंद जागांतली बुरशी जास्त त्रास देते. जुन्या इमारतीची तोडफोड, एसीच्या डक्टची सफाई, ओल धरलेले लेबर कॅम्प, धान्य किंवा चाऱ्याची गोदामं. अशा ठिकाणी ॲस्परजिलसचे कण हवेत दाट असतात.

आपल्याकडेही हे नवीन नाही. जळगावच्या दालमिलमध्ये, खानदेशातल्या जिनिंगमध्ये काम केलेल्यांना, पिंजारी-मन्सुरी बिरादरीतल्या जुन्या लोकांना धुळीचा खोकला माहीत आहे. त्यातला काही त्रास कापसाच्या धुळीचा असतो, काही बुरशीचा. दमा असलेल्या माणसाच्या शरीराने ॲस्परजिलसची ॲलर्जी धरली तर दमा आटोक्यात राहत नाही, घट्ट तपकिरी बेडका पडतो, एक्स-रेवर डाग येतात आणि जातात. याला एबीपीए म्हणतात. भारतात हा आजार कमी नाही आणि तो टीबी समजला जातो असं अनेकदा घडतं.

डक्ट किंवा गोदामाच्या कामावर कंपनीकडून एन-९५ दर्जाचा मास्क मागून घ्या. झाडण्याआधी पाणी शिंपडा. दमा असेल तर हे काम आपल्याला सोसत नाही, असं सुपरवायझरला वेळेवर सांगा.

अमेरिका : व्हॅली फीव्हर

मातीत राहणारी आणि निरोगी माणसालाही पाडणारी बुरशी पाहायची तर ती इथे आहे. तिचं नाव कॉक्सिडिऑइडिस आणि आजाराचं बोली नाव व्हॅली फीव्हर. ॲरिझोना राज्यात फिनिक्स आणि टुसान शहरांभोवती, कॅलिफोर्नियात फ्रेस्नो आणि बेकर्सफील्ड असलेल्या सॅन वाकीन खोऱ्यात ती सर्वांत जास्त आढळते. नेवाडा, न्यू मेक्सिको, युटा, टेक्सासच्या काही भागांत, उत्तर मेक्सिकोत आणि मध्य-दक्षिण अमेरिकेच्या काही कोरड्या भागांतही ती आहे. फिनिक्सकडे आणि कॅलिफोर्नियात भारतीय इंजिनियर मोठ्या संख्येने आहेत. आपली मुलं जिथे आहेत तिथलाच हा आजार आहे.

अमेरिकेत २०१९ मध्ये त्याच्या सुमारे २० हजार रुग्णांची नोंद झाली. त्यातले बहुसंख्य ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातले. हा आजार पहिल्यांदा १८९२ मध्ये अर्जेंटिनात अलेहांद्रो पोसादास यांनी एका रुग्णात ओळखला होता.

जमीन हलली की कण उडतात. १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला. दरडी कोसळून धुळीचे ढग उठले आणि शेजारच्या व्हेंचुरा काउंटीत २०३ लोकांना व्हॅली फीव्हर झाला. त्यातले ३ दगावले. नंतर २०११ ते २०१४ च्या दरम्यान कॅलिफोर्नियातच दोन सौर प्रकल्पांच्या बांधकामावर ४४ कामगार आजारी पडले. आपल्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला सौर प्रकल्प आहे. तिथली जमीन सपाट करताना जशी धूळ उडाली असेल तशीच तिकडेही उडाली. फरक मातीत होता. आपल्या मातीत ही बुरशी नाही.

धूळ आत गेल्यानंतर १ ते ३ आठवड्यांनी त्रास सुरू होतो. सुमारे ६० टक्के लोकांना काहीच जाणवत नाही. बाकीच्यांना ताप, खोकला, छातीत दुखणं, रात्री घाम, अंगावर पुरळ आणि सांधे धरणं अशी लक्षणं दिसतात. नडगीवर लाल दुखऱ्या गाठी उठू शकतात. सर्वांत ठळक म्हणजे थकवा, जो कधी कधी महिनोन्‌महिने जात नाही. आपल्याकडे ही लक्षणं पाहून चिकुनगुनिया किंवा डेंग्यू समजणं सोपं आहे. बहुतेक लोक आपोआप बरे होतात. ५ ते १० टक्के लोकांत फुफ्फुसाचा दीर्घ किंवा गंभीर त्रास राहतो. सुमारे १ टक्का लोकांत बुरशी फुफ्फुसाबाहेर हाडं, त्वचा किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत जाते. साखरेच्या रुग्णांना आणि गरोदर बहिणींना गंभीर आजाराचा धोका जास्त असतो.

समजा, रावेरचे एक चाचा-चाची फिनिक्सला मुलाकडे तीन महिने राहून आले. चाचांना साखर आहे. मुलाच्या घराशेजारी नवी वसाहत उभी राहत होती आणि चाचा रोज फजरनंतर तिकडे फेरी मारत. परतल्यावर दहा दिवसांनी ताप, खोकला, एक्स-रेवर डाग. दवाखान्यात विचारलं जातं, ‘कधीपासून खोकला?’ ‘कुठे जाऊन आलात?’ हे विचारलं जातंच असं नाही. चाचांनी स्वतः सांगितलं नाही तर आधी अँटिबायोटिक, मग दुसरं अँटिबायोटिक, मग टीबीची औषधं असा रस्ता सुरू होऊ शकतो. बुरशीवर अँटिबायोटिकचा काहीच असर होत नाही. चाचांनी एक वाक्य बोललं, ‘मी ॲरिझोनाहून आलो आहे’, तर सगळा तपास बदलतो.

ही बुरशी वर्षानुवर्षं शरीरात दबून राहून नंतरही उठू शकते. म्हणून पाच वर्षांपूर्वीचा अमेरिकेचा मुक्कामही सांगण्यासारखा आहे.

मुक्कामात काय करावं? धुळीचं वादळ असेल तर घरात राहा, खिडक्या बंद करा. गाडीत असाल तर आतलीच हवा फिरेल असं बटण ठेवा. बांधकामाजवळ फेऱ्या मारू नका. बागेत कोरडी माती खणू नका, आधी ओली करा. एवढ्याने धोका शून्य होत नाही, पण कमी होतो.

गुहा, वटवाघळं आणि कबुतरं

हिस्टोप्लाझ्मा ही दुसरी बुरशी वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेने भरलेल्या मातीत वाढते. अजिंठ्याला किंवा एखाद्या जुन्या किल्ल्याच्या अंधाऱ्या खोलीत वटवाघळांचा उग्र वास आपल्याला माहीत आहे. तशीच विष्ठा साठलेल्या गुहा जगभर आहेत. अमेरिकेत ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांत, मध्य आणि दक्षिण अमेरिकेत, आफ्रिकेत आणि आशियाच्या काही भागांत ही बुरशी आढळते. भारतात तिचे रुग्ण मुख्यतः गंगेच्या पट्ट्यात, बंगाल-बिहार-उत्तर प्रदेशकडे नोंदले गेले आहेत. २००१ मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्को शहरात एका हॉटेलात उतरलेले अमेरिकेचे कॉलेज विद्यार्थी शेकड्याने आजारी पडले होते. तिथे गुहा नव्हती, हॉटेलात बांधकाम चालू होतं. त्रास ३ ते १७ दिवसांत सुरू होतो आणि फ्लूसारखा असतो.

कबुतरांबद्दल नेहमी विचारलं जातं, कारण हरमच्या आसपास आपण सगळेच त्यांना दाणे टाकतो. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी असू शकते. निरोगी माणसाला तिचा त्रास क्वचित होतो. एचआयव्ही, अवयव बदल, जास्त स्टेरॉइड असेल तर ती फुफ्फुसातून मेंदूच्या आवरणात जाऊ शकते. अशा लोकांनी कबुतरांच्या थव्यापासून लांब राहावं, बाकीच्यांनी घाबरू नये. २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून जो वाद झाला त्यात फुफ्फुसाच्या ज्या आजाराची चर्चा होती तो मुख्यतः पक्ष्यांच्या पिसांच्या आणि विष्ठेच्या ॲलर्जीचा. तो बुरशीचा संसर्ग नव्हे, पण वर्षानुवर्षं कबुतरांजवळ राहणाऱ्याचं फुफ्फुस त्यानेही कडक होतं.

आग्नेय आशियात, म्हणजे थायलंड-व्हिएतनामकडे आणि दक्षिण चीनमध्ये, तालारोमायसिस नावाची बुरशी आहे. भारतात ती मणिपूरकडे आढळते. तिचा धोका मुख्यतः एचआयव्ही किंवा खूप कमजोर प्रतिकारशक्ती असलेल्यांना असतो.

टीबी की बुरशी?

आपल्या भागात खोकला, ताप, वजन घटणं आणि एक्स-रेवर डाग म्हटलं की पहिला संशय टीबीचा. तो बरोबरच आहे, टीबी आपल्याकडे जास्त आहे आणि त्याची तपासणी आधी झालीच पाहिजे. सरकारी दवाखान्यात बेडक्याची सीबीनॅट तपासणी मोफत होते.

प्रश्न पुढे येतो. बेडक्यात टीबीचे जंतू दोनदा सापडले नाहीत, तरी केवळ एक्स-रेवरून औषधं चालू आहेत आणि दोन महिन्यांत फरक नाही. किंवा टीबीचा कोर्स पूर्ण झाला, वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा खोकला, अशक्तपणा, बेडक्यात रक्त. टीबीने फुफ्फुसात पोकळी राहिलेली असते. तिच्यात ॲस्परजिलस घर करतो, कधी बुरशीचा गोळा होतो. याला टीबी पुन्हा आला समजून दुसरा कोर्स सुरू होऊ शकतो. प्रवासाच्या धुळीत-गर्दीत हा दबलेला त्रास वर येतो आणि घरचे म्हणतात, ‘हजहून आल्यापासून खोकतात.’

अशा वेळी डॉक्टरला अदबीने विचारा, ‘साहेब, बुरशीची तपासणी करायची का?’ ॲस्परजिलससाठी रक्तातली आयजीजी तपासणी आणि छातीचा सीटी स्कॅन उपयोगी पडतो. हिस्टोप्लाझ्मासाठी लघवी किंवा रक्तातून, व्हॅली फीव्हरसाठी रक्तातून तपासणी होते. काही तपासण्यांचा नमुना मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॅबला पाठवावा लागतो. सुरुवात जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात छातीच्या विभागात करता येते.

लॅबला नमुना देताना अमेरिकेचा मुक्काम लिहायला सांगा. व्हॅली फीव्हरची बुरशी लॅबमध्ये वाढवली तर ती तिथे काम करणाऱ्यांनाच लागू शकते, त्यांना आधी माहीत असणं गरजेचं आहे.

टीबीची चालू औषधं मात्र हा लेख वाचून स्वतः बंद करू नका. विचारणं वेगळं, औषध सोडणं वेगळं.

औषधांबद्दल

बुरशीच्या आजारांवर औषधं आहेत. व्हॅली फीव्हरच्या अनेक सौम्य रुग्णांना औषध लागतही नाही. ज्यांना लागतं त्यांना बहुधा फ्लुकोनॅझोल ३ ते ६ महिने किंवा जास्त दिलं जातं. हिस्टोप्लाझ्मा आणि ॲस्परजिलसच्या जुनाट आजारात इट्राकोनॅझोल बरेच महिने चालतं. गंभीर रुग्णाला ॲम्फोटेरिसिन-बी लागतं. काळ्या बुरशीत कधी ऑपरेशनही करावं लागतं. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचा उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेण्यात आला होता. खर्चाचा प्रश्न आला तर दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्राकडे आधी चौकशी करा.

गजकर्णासाठी मेडिकलवरून आणलेली फ्लुकोनॅझोलची आठवड्याची गोळी घरात असते. ती खोकल्यावर घेऊ नका. तेवढ्याने फुफ्फुसाची बुरशी बरी होत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळ्यांबरोबर ती घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या औषधांशीही तिचं जमत नाही. टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल तर इट्राकोनॅझोलचा असर फार कमी होतो. गरोदर बहिणींनी तर ही औषधं स्वतःहून घेऊच नयेत.

प्रवासाची चिठ्ठी

घरात शाळेत जाणारं मूल असेल तर हे काम त्याच्याकडे द्या. एका कागदावर मराठीत किंवा इंग्रजीत लिहा आणि फाइलमध्ये ठेवा :

१. कोणत्या देशात, कोणत्या शहरात, कोणत्या तारखांना राहिलो.

२. तिथे काय केलं : बांधकामाजवळ राहणं, गुहा, शेत, गोदाम, धुळीचं वादळ, पक्षी किंवा उंट.

३. आधीचे आजार : साखर, टीबी (कोणत्या वर्षी, कोर्स पूर्ण की नाही), दमा, किडनी.

४. चालू औषधं, पुड्या आणि इंजेक्शनंसुद्धा.

५. त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला.

डॉक्टर घाईत असले तरी ही चिठ्ठी अर्ध्या मिनिटात वाचून होते.

लगेच दवाखाना कधी?

बेडक्यात रक्त आलं, बोलताना दम लागला, छातीत जोरात दुखलं, ताप एक आठवडा उतरला नाही, तर वाट पाहू नका. साखरेच्या रुग्णाच्या गालावर किंवा डोळ्याभोवती सूज, नाकातून काळपट स्राव, एका बाजूचं डोकं-दात दुखणं, दोन-दोन दिसणं यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. तापाबरोबर मान ताठ झाली किंवा माणूस भ्रमात बोलू लागला तर रात्र असली तरी निघा. प्रवासाहून आल्यावर दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला कोणताही खोकला तपासून घ्यावा.

नेहमीचे सवाल

*बुरशीच्या भीतीने उमराह किंवा मुलाकडे जाणं टाळावं का?*
नाही. बहुसंख्य प्रवाशांना काहीच होत नाही. अवयव बदललेल्यांनी किंवा कॅन्सरच्या उपचारात असलेल्यांनी मात्र तारीख ठरवण्याआधी आपल्या डॉक्टरशी बोलावं.

*हाजीच्या खोकल्याने नातवंडांना बुरशी लागेल का?*
बुरशी नाही लागणार. पण खोकला फ्लूचा किंवा टीबीचा असू शकतो. म्हणून निदान होईपर्यंत तोंड झाका आणि हवेशीर खोलीत राहा.

*आबे जमजम किंवा खजुरातून फुफ्फुसाची बुरशी येते का?*
ती श्वासातून येते, पाण्यातून किंवा खाण्यातून नाही. फक्त खजुराने साखर वाढते हे साखरेच्या रुग्णांनी विसरू नये. बुरशी दिसत असलेली खजूर फेकून द्यावी.

आजारावर इलाज करून घेण्याची शिकवण आपल्याला आपल्या नबी (स.अ.व.) यांनी दिली आहे. दुआ करावी, तवक्कुल ठेवावं आणि डॉक्टरसमोर आपला प्रवास पूर्ण सांगावा. अल्लाह सर्व मुसाफिरांना सहीसलामत घरी आणो आणि बीमारांना शिफा देवो. आमीन.